चार महिने झाले गिटारला, लेसन्स पुढे जातायत पण वाजत काहीच नाही

तुटकी_तार:
मंडळी थोडं लांबलचक लिहितोय, वैताग आलाय म्हणून. गिटार घेऊन चार महिने झाले. अकूस्टिक आहे, स्टीलच्या तारा. क्लास लावला नाही, एक ऑनलाइन कोर्स घेतलाय त्यात ६० लेसन आहेत आणि त्यातल्या ४१ वर माझी टिक झालीय. रोज तासभर बसतो, सुट्टीच्या दिवशी दोन तास, म्हणजे आळस करतोय असं अजिबात नाही. पण परवा घरात कोणीतरी म्हणालं अरे काहीतरी वाजवून दाखव की, आणि मी G (जी) कॉर्ड धरली, चार वेळा खाली-वर केलं, मग डी ला जायचं तर मध्ये दोन सेकंद शांतता, सगळे माझ्या बोटांकडे बघतायत, मग ई मायनर, मग सी, परत शांतता. एक कडवं सुद्धा पूर्ण झालं नाही. शेवटी ट्युनिंग बिघडलंय असं सांगून गिटार ठेवून दिली.

कॉर्ड्स मला १४ येतात (कागदावर), पेंटॅटॉनिकचा (पाच सुरांच्या स्केलचा) पहिला बॉक्स येतो, फिंगरपिकिंगचे (बोटांनी एकेक तार छेडायचे) दोन पॅटर्न "झालेत", एफ (एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) येत नाही तो विषय वेगळा. तर माझा प्रश्न असा की लेसन शिकायचा म्हणजे नक्की करायचं काय? व्हिडिओ बघताना सगळं कळतं हो, अगदी सोपं वाटतं, दुसऱ्या दिवशी हात कोरे. वेळ वाढवू का, दोन तास रोज? की माझी बोटंच आखूड आहेत म्हणून हे होतंय? खरं काय ते सांगा.

सहावी_तार:
आधी एक सांगा, त्या एका तासात काय काय करता ते मिनिटांसकट लिहा. लाजू नका, इथे सगळ्यांनी तेच उद्योग केलेत.

तुटकी_तार:
ओके. प्रामाणिकपणे सांगतो. पहिली दहा मिनिटं ट्युनिंग आणि ते एक-दोन-तीन-चार वालं बोटं मोकळी करायचं. मग वीस मिनिटं नवीन लेसनचा व्हिडिओ, त्यातलं थोडं थोडं करून बघतो. जमत नसेल तर व्हिडिओ मागे नेऊन परत बघतो. मग कंटाळा येतो तेव्हा जे येतं ते वाजवतो, ई मायनर आणि ए मायनर वर स्ट्रमिंग, कारण ते ऐकायला बरं वाटतं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं एखादं गाणं. पहिल्यापासून सुरू करतो, अडकलो की परत पहिल्यापासून. आता लिहिताना मलाच वाचून कसंतरी होतंय.

सहावी_तार:
हाहा, लिहिलं की दिसतं. मी हेच दीड वर्ष केलंय, तुम्ही चार महिन्यांत विचारताय म्हणजे माझ्यापेक्षा हुशार आहात.

आता बघा. तासातली वीस मिनिटं तुम्ही बघताय, वाजवत नाही. पंधरा मिनिटं जे आधीच येतं ते वाजवताय, त्याने मन खूश होतं पण हात तिथेच राहतात. आणि गाणं अडकलं की पहिल्यापासून, यात काय होतं माहितीये का, पहिली ओळ चाळीस वेळा वाजते आणि चौथी ओळ जिथे खरा लोच्या आहे ती जेमतेम दोनदा. मग पहिली ओळ झक्कास येते आणि चौथी कधीच येत नाही. मला स्वतःला अशा निदान वीस गाण्यांच्या पहिल्या दोन ओळी येत होत्या, पुढचं एकही नाही.

तुम्हाला जी येतो, डी येतो. जी वरून डी वर जाणं येत नाही. त्या दोन सेकंदांच्या शांततेत तुमचा सगळा प्रॉब्लेम आहे आणि त्याची प्रॅक्टिस तुम्ही दिवसाला फार तर पाच-सहा वेळा करताय, ती पण घाईत. म्हणून वेळ वाढवू नका. उलट कमी करा. वीस मिनिटं फक्त या बदलांना द्या.

तुम्ही जे चार कॉर्ड लिहिलेत ना, जी, डी, ई मायनर, सी, त्याचंच घेऊ. यात एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. जी चार बोटांनी धरा: दुसरं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, पहिलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तिसरं बोट दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. (पहिलं बोट म्हणजे अंगठ्याशेजारचं, पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, हे नवीन लोकांसाठी.) आता डी कडे बघा. डी मध्ये पण तिसरं बोट दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटलाच असतं! म्हणजे ते बोट उचलायचंच नाही. ते खुंटीसारखं रोवून ठेवायचं आणि बाकीची बोटं त्याच्याभोवती फिरवायची. ई मायनरला तिसरं बोट आणि करंगळी तशीच खाली राहू द्या, फक्त पहिलं बोट पाचव्या तारेवर आणि दुसरं चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. त्याला ई मायनर सेव्हन म्हणतात, कानाला चालतं, उलट भरलेलं वाटतं. आणि सी च्या जागी सी अ‍ॅड नाइन घ्या, दुसरं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, पहिलं चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तिसरं आणि करंगळी तिथेच. झालं. चारही कॉर्डमध्ये तिसरं बोट एकदाही हललं नाही. असं का होतं तर त्या जागी डी हा स्वर आहे आणि तो या चारही कॉर्डमध्ये बसतो.

आता रोज काय करायचं. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा. जी-डी-जी-डी, एकेकदा खाली स्ट्रम, किती बदल झाले ते मोजा. सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या पाहिजेत असा हट्ट पहिल्या दिवशी नको पण अगदी खडखडाट पण नको. आकडा वहीत लिहा. मग डी-ई मायनर, मग ई मायनर-सी, मग सी-जी, प्रत्येकी एक मिनिट. चार मिनिटं झाली. थोडं थांबून परत एक फेरी. पहिल्या दिवशी १२-१५ आले तरी ठीक. ३० च्या वर गेलं की हळू गाणं निघतं, ६० म्हणजे सेकंदाला एक बदल, तिथे पोचलात की या विषयावर विचारच करायचा नाही.

आणि ४१ टिक्सचं काय करायचं? माझा नियम सांगतो. ज्या दिवशी लेसन केला त्या दिवशी टिक करायची नाही. दुसऱ्या दिवशी गिटार हातात घेतल्या घेतल्या, व्हिडिओ न बघता, पहिल्या झटक्यात वाजलं तरच टिक. या हिशोबाने तुमच्या ४१ पैकी किती उरतील ते बघा आणि आम्हाला सांगू नका, माझे ९ उरले होते.

ठाय_लय:
वरच्यांशी सहमत, पण उजव्या हाताबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मी आधी तबला शिकले मग गिटार, त्यामुळे माझं डोकं आधी लयीकडे जातं. तुमची ती दोन सेकंदांची शांतता का पडते? डावा हात पोचला नाही म्हणून उजवा हात थांबतो. ही सवय आधी मोडा. उजवा हात थांबणार नाही, काहीही झालं तरी. कॉर्ड अर्धवट वाजू दे, भलतीच तार वाजू दे, ठक्क आवाज येऊ दे, हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू राहिला पाहिजे. समोर बसलेल्याला चुकलेला सूर कळत नाही हो बऱ्याचदा, पण थांबलेली लय लहान मुलाला पण कळते.

यासाठी दोन-तीन दिवस कॉर्ड धरूच नका. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती आडवी टेकवा म्हणजे सूर बंद होतो आणि फक्त खर्र खर्र आवाज येतो. त्यावर पॅटर्न वाजवा. तोंडाने मोजा, एक अन दोन अन तीन अन चार अन. आकड्याला हात खाली, अन ला हात वर, कायम, मग तार वाजो न वाजो. ते प्रसिद्ध पॅटर्न आहे ना, खाली, खाली वर, वर खाली वर, त्यात तीन च्या आकड्याला हात खाली जातो पण तारांना लागत नाही, हवेतून जातो. बहुतेक लोक तिथे हात थांबवतात आणि मग पॅटर्न पाठ करायला बसतात, पाठ होत नाही. हात हलता ठेवला तर पाठ करावंच लागत नाही, कुठे तारेला लावायचं आणि कुठे नाही एवढंच उरतं.

आणि एक चोरवाट सांगते जी सगळे वापरतात पण लेसनमध्ये क्वचित सांगतात. कॉर्ड बदलताना चार नंतरचा जो शेवटचा अन असतो ना, वर जाणारा, तिथे डावा हात सोडून द्या. मोकळ्या तारा वाजतील. वाजू देत! तेवढ्या वेळात बोटं पुढच्या कॉर्डवर जातात आणि एक च्या आकड्याला कॉर्ड तयार. ८० बीपीएम ला (म्हणजे मिनिटाला ८० मात्रा) एक मात्रा पाऊण सेकंदाची, म्हणजे अर्ध्या मात्रेत तुम्हाला साधारण ०.३७ सेकंद मिळतो. ऐकायला कमी वाटतो पण तिसरं बोट न हलवता भरपूर आहे.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिक टिक करणारं यंत्र) ६० ला लावा, एका कॉर्डवर चार टिक, मग बदल. सलग तीन वेळा न अडखळता आलं की ५ ने वाढवा. दोनदा चुकलं की १० ने खाली या, त्यात कसलीही लाज नाही. तबल्यात आधी ठाय (संथ लय) पक्का करायचा, मग दुगुन (दुप्पट लय) आपोआप निघते, ठाय कच्चा ठेवून दुगुन वाजवली की नुसता गोंधळ. इथे पण तेच.

कानसेन:
मेट्रोनोमबद्दल थोडं वेगळं मत. वाईट आहे असं नाही म्हणत, पण मला त्याने गिटार सोडायची वेळ आली होती. टिक टिक टिक, आपण चुकतोय, टिक टिक टिक, परत चुकलो. गाणं वाजवायला आलो होतो आणि घड्याळाशी भांडत बसलो. माझं असं झालं की मी गाण्यासोबत वाजवायला लागलो तेव्हा सुधारलो. व्हिडिओचा स्पीड ०.७५ करता येतो, ०.५ पण होतो, सूर तोच राहतो. त्यावर वाजवा, सुरुवातीला प्रत्येक कॉर्ड फक्त एकदा, एक च्या मात्रेला, बाकी तीन मात्रा मोकळ्या. म्हणजे बदलायला तीन मात्रा मिळतात आणि गाण्यात असल्यासारखं पण वाटतं. मग दोनदा, मग चारदा, मग पूर्ण पॅटर्न. गायक तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे तुमचा हात पण थांबत नाही, वरच्या ताईंनी सांगितलेलं आपोआप होतं.

आणि वाजवण्याआधी ऐका. डोळे मिटून ऐकायचं आणि कॉर्ड बदलते तिथे मांडीवर थाप द्यायची. हे प्रवासात पण होतं, गिटार लागत नाही. कॉर्ड कुठे बदलणार हे कानाला आधी कळलं की बोटं निम्मी तयार असतात.

ठाय_लय:
@कानसेन दादा मान्य, पण गाण्यासोबत वाजवलं की आपल्या चुका गाण्याच्या आवाजात लपतात ना. गाण्यासोबत मस्त आणि एकट्याने बोंब, असे किती जण बघितलेत. दोन्ही करावं. पाच मिनिटं टिक टिक, मग गाणं.

कानसेन:
हे बरोबर आहे, लपतात. त्यावर माझा उपाय म्हणजे रेकॉर्डिंग. मोबाइल समोर ठेवून एक मिनिट एकट्याने वाजवायचं आणि लगेच नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं. पहिल्यांदा ऐकताना जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, ते सगळ्यांना होतं. वाजवताना लक्ष बोटांकडे असतं त्यामुळे काय वाजतंय ते ऐकूच येत नाही.

खटपट्या:
सगळे तुमच्या हातांना दोष देतायत, मी जरा गिटारला देतो. एफ येत नाही लिहिलंय ना? आधी हे करून बघा: एफ चा तोच आकार पाचव्या फ्रेटला धरा (तो ए मेजर होतो). तिथे बऱ्यापैकी वाजला आणि पहिल्या फ्रेटला अजिबात वाजत नसेल तर दोष सगळा तुमचा नाही. पहिला फ्रेट नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) अगदी जवळ, तिथे तार सगळ्यात ताठ लागते दाबायला, हे तर सगळ्याच गिटारला असतं, पण नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर तार पहिल्या फ्रेटपासून फारच उंच राहते आणि मग तिथे जीव जातो. तपासायला सोपं आहे. एकेक तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर तार किती उंच राहते ते बघा. कागद जाईल इतपतच फट हवी. जाड पुठ्ठा आरामात जात असेल तर नट घासून घ्यायला द्या, स्वतः कानस घेऊन बसू नका, मी बसलो होतो, नवीन नट टाकावा लागला.

दुसरं म्हणजे बाराव्या फ्रेटला तारेची उंची मोजा, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. जाड तारेला साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेला दोनच्या आसपास असलं तर ठीक. चार मिलिमीटर वगैरे निघालं तर तुम्ही चार महिने व्यायामशाळेत होतात असं समजा. तारा पण बघा, अकूस्टिकवर बऱ्याचदा १२ चा सेट असतो म्हणजे बारीक तार ०.०१२ इंचाची. १० चा सेट लावला तर बोटांना लगेच फरक कळतो. आवाज थोडा पातळ होतो, होऊ दे.

बोटं आखूड वगैरे डोक्यातून काढा. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ च्या आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाल्या आणि तो माणूस दोन बोटांवर सोलो वाजवून जगभर गाजला. आपल्याकडे चार चांगली आहेत.

तुटकी_तार:
अरे बापरे एवढं सगळं! खूप खूप आभार. @खटपट्या आत्ता स्केल घेऊन मोजलं, जाड तारेला साडेतीन निघालं, पट्टी वाकडी नसेल तर. म्हणजे थोडा दोष गिटारला देता येईल, बरं वाटलं. @सहावी_तार ते तिसऱ्या बोटाचं करून बघितलं आणि हसायलाच आलं, चार महिने मी प्रत्येक वेळी सगळी बोटं हवेत उचलून परत ठेवत होतो. टिक्सचा आकडा सांगणार नाही.

दोन प्रश्न राहिले. एक, बोटं जाम दुखतात, ते कधी थांबणार? दोन, फक्त बदल बदल बदल केले तर बाकीच्या लेसनचं काय, पेंटॅटॉनिक, फिंगरपिकिंग, ते सोडून देऊ?

खटपट्या:
टोकं दुखणं दोन-चार आठवड्यांत कमी होतं, घट्टे पडतात. तुम्हाला चार महिने झाले तरी दुखतायत म्हणजे दोनच कारणं, एक ते साडेतीन मिलिमीटर, दुसरं तुम्ही गरजेपेक्षा जास्त दाबताय. हे करा: बोट तारेवर नुसतं टेकवा, फ्रेटच्या अगदी मागे, दोन फ्रेटच्या मध्ये नाही. तार छेडा, ठक्क वाजेल. आता थोडं थोडं दाबत दाबत छेडत राहा, ज्या क्षणी सूर स्वच्छ येईल तिथे थांबा. तेवढाच जोर लागतो. बहुतेकांना धक्का बसतो इतका तो कमी असतो. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपर दुखत असेल, किंवा बोटं बधिर होत असतील तर मात्र वाजवणं थांबवा, ते सहन करत बसायचं दुखणं नाही. अंगठ्याने मान आवळून धरायची सवय असते, तिथून सुरू होतं सगळं.

ठाय_लय:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. सोडू नका, पण गठ्ठे करू नका. म्हणजे सोमवारचा अख्खा तास बदल, मंगळवारचा अख्खा तास पिकिंग असं नको. पाच मिनिटं बदल, पाच मिनिटं पिकिंग, पाच मिनिटं गाण्यातली फक्त ती अडकणारी ओळ, मग परत बदल. असं आलटून पालटून केलं की त्या दिवशी आपण ढ आहोत असं वाटतं, कारण प्रत्येक वेळी हाताला परत आठवावं लागतं. पण टिकतं तेच. यावर शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा एक प्रयोग आहे, हाताच्या ठरावीक हालचाली शिकवल्या होत्या, एका गटाला एकेक हालचाल सलग, दुसऱ्या गटाला मिसळून. शिकताना सलगवाले पुढे होते, पण दहा दिवसांनी परत करायला लावलं तेव्हा मिसळवाले पुढे निघाले. गिटारचा प्रयोग नाही तो, पण माझ्या हाताला अगदी तंतोतंत लागू पडला. ते "काल येत होतं, आज येत नाही" आपल्याला वाटतं ना, ते काल पण आलं नव्हतं, काल फक्त ताजं होतं.

तासभर एकदम बसण्यापेक्षा सकाळी वीस आणि रात्री वीस जास्त लागू पडतं. गिटार बॅगेत ठेवू नका, स्टँडवर डोळ्यांसमोर ठेवा. बॅगेची चेन उघडायचा पण कंटाळा येतो माणसाला, हसू नका.

पेंटॅटॉनिकचा बॉक्स सध्या दिवसाला तीन मिनिटं ठेवा, वर-खाली पळवायचा नाही, चार-पाच सुरांतून एखादी छोटीशी चाल काढायची. शिडी चढ-उतार करून गाणं निघत नाही.

पिक_हरवलंय:
मी पण नवीनच आहे, सहा महिने. वरचं सगळं वाचून वही काढली. एक विचारायचंय, हे सगळं स्वतःचं स्वतः होतं की सर लागतातच? आमच्या ओळखीत सगळे म्हणतात व्हिडिओवरून गिटार येत नाही.

सहावी_तार:
येते, पण व्हिडिओ तुमच्याकडे बघत नाही ही त्याची अडचण. मी दीड वर्ष अंगठा मानेवरून गुंडाळून वाजवत होतो आणि बार कॉर्ड (एफ सारख्या) का येत नाही म्हणून रडत होतो. मग एका शिकवणाऱ्यांकडे गेलो, त्यांनी दोन मिनिटं बघितलं, अंगठा धरून मानेच्या मागे मधोमध ठेवला आणि म्हणाले आता कोपर थोडं अंगाकडे घ्या, ओढ हाताच्या वजनाने येऊ दे, चिमटा नको. पहिलं बोट सपाट न ठेवता जरा कडेवर कलतं करायला सांगितलं, हाडाची बाजू. त्याच दिवशी एफ नाही आला पण पंधरा दिवसांत आला. दर आठवड्याचा क्लास परवडत नसेल किंवा वेळ नसेल तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा कोणाकडून तरी हात बघून घ्या. आणि जाताना "मला पुढचं शिकवा" असं म्हणू नका, "मी हे वाजवतो, कुठे चुकतंय ते सांगा" म्हणा. सर असले तरी रियाज आपल्यालाच करायचा असतो, आठवड्यात एक तास ते आणि उरलेले सहा दिवस आपण.

कोणी दहा हजार तास वगैरे सांगितलं तर घाबरू नका. तो आकडा १९९३ च्या एका अभ्यासातला, बर्लिनमध्ये व्हायोलिन शिकणाऱ्या उत्तम मुलांच्या गटाची विशीपर्यंतची सरासरी होती. आपल्याला चार कॉर्डचं गाणं वाजवायचंय.

आणि एफ येईपर्यंत गाणी अडवून ठेवू नका. खालच्या चार तारांचा छोटा एफ घ्या: तिसरं बोट चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, दुसरं तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, पहिलं बोट आडवं करून पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. ते पण जड गेलं तर पहिली तार मोकळी सोडा, एफ मेजर सेव्हन होतो, बऱ्याच गाण्यांत उलट जास्त छान लागतो.

तुटकी_तार:
तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. नवीन एकही लेसन बघितला नाही, हे सगळ्यात अवघड गेलं, रोज त्या कोर्सचं नोटिफिकेशन येतं तुम्ही मागे पडताय म्हणून. वहीतले आकडे: जी-डी पहिल्या दिवशी १४, काल ४३. डी-ई मायनर ११ वरून ३९. सी अ‍ॅड नाइन-जी सगळ्यात पटकन झालं, ५१. आठवा-नववा दिवस सगळं खाली गेलं होतं, १४ चे २६ झालेले परत २० वर, तेव्हा वही फेकावीशी वाटली, मग दोन दिवसांनी एकदम ३१ आले, का ते माहीत नाही. गिटारचा सेटअप करून घेतला, जाड तार आता अडीचच्या जरा वर आहे आणि १० च्या तारा, मी इतके महिने काय सहन करत होतो असं झालं.

दोन कडवी आणि धृपद सलग वाजलं काल, ७० बीपीएम ला, न थांबता. दोनदा भलतीच तार वाजली पण हात थांबवला नाही. घरात कोणाच्या लक्षात पण आलं नाही, ना चूक ना गाणं, सगळे आपापल्या कामात.

आता नवीन दुखणं. वाजवता वाजवता गायला गेलो की हात गाण्याच्या मागे पळतो. शब्द जिथे पडतात तिथे स्ट्रम पडतो आणि पॅटर्नची वाट लागते.

कानसेन:
अभिनंदन!! हे सगळ्यांना होतं. आधी शब्द नको, नुसतं गुणगुणा, हं हं हं, आणि हात एका मात्रेला एकदाच खाली. ते जमलं की शब्द घाला, पॅटर्न अजून नको. ज्या शब्दाला हात घसरतो तो एकच शब्द आणि त्याच्या आधीचे दोन, एवढंच दहा वेळा. आख्खं गाणं परत पहिल्यापासून नाही!

ठाय_लय:
आणि एकदा नुसतं बोलून बघा, गायचं नाही. एक अन दोन अन मोजत कुठला शब्द कुठल्या मात्रेवर पडतो ते कागदावर शब्दांच्या वर लिहून काढा. निम्मे शब्द अन वर पडतात, आकड्यावर नाही, तिथेच हात फसतो. कुठली ओळ अडते ते इथे मात्रांसकट टाका, बघू.

तुटकी_तार:
बसतो आज रात्री कागद घेऊन. धृपदाची दुसरी ओळ आहे, शेवटचा शब्द खेचायचाय आणि त्याच वेळी डी वर जायचंय. टाकतो उद्या.